एका होडीची मासे-पाहणी

19 ऑगस्ट 2024, सोमवार. नारळी पौर्णिमा

सकाळी मामांबरोबर मालवणच्या दांडी किनाऱ्यावर जाऊन दर्याला नारळ दिला. येताना जे मनाशी ठरवलं ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे टाळाटाळ करता येणार नाही.

मामांची बावीस फुटी फायबरची होडी आहे, मागे 9.9 एचपीचं आउटबोर्ड. मामा आयुष्यभर रापणीत होते, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. गुडघे गेल्यावर रापण सुटली, होडी राहिली. मी कुडाळला जमीन मोजणीची कामं करतो आणि हंगामात जमेल त्या रविवारी मालवणात त्यांच्याबरोबर गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायला, जातो. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत आम्ही किती मासे मारले, किती लहान, किती मोठे, कुठल्या महिन्यात? मला सांगता येत नाही. लोकांच्या बांधांचे वाद मी इंचावर सोडवतो, पण स्वतःच्या होडीचा आकडा माझ्याकडे नाही.

बंदरांवर केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेची माणसं उतरलेल्या मासळीचे नमुने घेतात, त्यावरून किनाऱ्याचा अंदाज बांधला जातो. आमच्यासारख्या हौशी होडीचा मासा बंदरावर उतरतच नाही, तो पिशवीतून थेट घरच्या फ्रीजमध्ये जातो. पर्ससीनची वेढा घालणारी जाळी, एलईडी दिव्यांवरची मासेमारी, परराज्यांतले ट्रॉलर यांच्याविरुद्ध आम्ही तावातावाने बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण बोलताना आपली पाटी आधी उघडून दाखवता आली पाहिजे, असं मला दिवसेंदिवस जास्त वाटू लागलंय.

म्हणून या हंगामात होडीत आलेला प्रत्येक मासा मोजायचा. जात, लांबी, जागा, किती वाव पाणी (एक वाव साधारण सहा फूट), कशावर लागला, ठेवला की सोडला, आणि सोडला तर कसा गेला. वही लेकीकडे. ती नववीत आहे आणि तिला समुद्र लागत नाही.

मामांना सांगितलं. म्हणाले, "मोजलो म्हणान मासो वाढता काय रे झिला?"

25 ऑगस्ट, रविवार

मोजपट्टी तयार केली. सपाट फळीवर जिवंत मासा राहत नाही, उसळून खाली पडतो. म्हणून सहा इंची पीव्हीसी पाइप एक मीटर कापून उभा चिरला. अर्ध्या पाइपाच्या त्या पन्हळीत मासा आपोआप पोटावर बसतो आणि गप्प राहतो. एका टोकाला फायबरचा तुकडा चिकटवून आडवी भिंत केली. माशाचं तोंड त्या भिंतीला टेकलं की तो शून्य. टेपचं शून्य ढिलं धरलं तर पुढची सगळी मापं खोटी, हे मोजणीतलं पहिलं शहाणपण इथेही तसंच लागू आहे.

सुरमई, बांगडा, कोकर यांची लांबी शेपटीच्या खाचेपर्यंत घ्यायची. हेकरू (ग्रूपर), चणक (जिताडा), तांबोशी (रेड स्नॅपर) यांची शेपटीच्या टोकापर्यंत. दोन पद्धती मिसळल्या तर वहीचा काही उपयोग नाही.

राज्य सरकारने 2023 मध्ये 54 प्रजातींची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली, पापलेटची 135 मिलिमीटर. पापलेट गरीला लागत नाही, तरी ती खूण पन्हळीवर केली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. सुरमईसाठी मात्र मी लाल रेघ माझ्या हिशेबाने मारली: 70 सेंटीमीटर. साधारण त्या लांबीला सुरमई पहिल्यांदा अंडी धरते. तिने एकदा तरी अंडी घालावी आणि मगच आपल्या तव्यावर यावं, एवढीच अपेक्षा.

7 सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. गौरी-गणपती जाईपर्यंत पाण्यात नाही.

22 सप्टेंबर, रविवार

पहिली फेरी. बाहेर अजून लाटा आहेत, म्हणून कर्ली खाडीतच राहिलो, देवबागच्या संगमापासून आत. मामांचं भरतीचं गणित: तिथीची पाऊणपट. आज पंचमी, म्हणजे पूर्ण भरती पावणेचारला. घड्याळाशी थोडा फरक पडतो, पण जायचं की नाही हे ठरवायला तेवढं पुरतं. चणक ओहोटीला खाते. कांदळातून पाणी निघायला लागलं की बारीक मासळी आणि कोळंबी त्या धारेबरोबर बाहेर येते आणि चणक तोंडाशी येऊन उभी राहते. साडेचारला जिवंत कोळंबी लावून सोडली आणि पाच वाजता पहिली लागली.

41 सेंटीमीटर. सोडायची होती, पण गरी घशाच्या आत गेलेली. मी पक्कडीने ओढून काढायला गेलो आणि कल्ल्यांतून भळाभळा रक्त आलं. लेकीने लिहिलं: "चणक, 41, सोडायची होती, मेली." तिने ते खोडलं नाही, मीही खोडू दिलं नाही.

यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. गरी खोल गेली असेल तर ओढायची नाही, तोंडाजवळ दोरी कापून मासा सोडून द्यायचा, वाचण्याची शक्यता त्यातच जास्त असते. आणि जिवंत आमिषाला यापुढे सर्कल हुक. या गरीचं टोक आत वळलेलं असतं, ती घशात न रुतता सरकत येऊन ओठाच्या कोपऱ्यात बसते. फक्त सवय मोडावी लागते. ओढ जाणवली की आपला हात आपोआप हिसका देतो, आणि हिसका दिला की ही गरी सुटते. काही करायचं नाही, दोरी ताणू द्यायची आणि सावकाश गुंडाळायला लागायचं. मामांचा चाळीस वर्षांचा हिसका आहे, त्यांना हे जड जाणार.

20 ऑक्टोबर, रविवार

ऑक्टोबरचं ऊन, पाणी तेलासारखं. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडलो. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघितला होता. त्यांची संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचनाही बघतो. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून ती काढतात. आमच्या लहान होडीला ती क्षेत्रं बहुधा लांब पडतात, पण पाण्याची सीमा कुठे आहे ते कळतं.

सहा गऱ्यांच्या माळेवर बांगडे काढले, 14 मोजले. मग दोन दोऱ्या मागे सोडून चार-पाच नॉट वेगाने फिरलो. सुरमया लागल्या: 44, 47, 43, 51, 46. सगळ्या लाल रेघेच्या अलीकडच्या. सुरमई नाजूक असते. होडीत घेऊन तळावर आपटू दिली, कोरड्या हाताने धरली, फोटोसाठी शेपटीने उलटी टांगली, की ती पाण्यात गेली तरी जगेल याचा भरवसा नाही. म्हणून पहिली मोजली, दुसरी मोजली आणि त्यानंतरच्या काठाला धरून पाण्यातच सोडवल्या, लांबी दांड्यावरच्या खुणांवरून घेतली. नकली माशाच्या पोटाखालच्या तीन टोकांच्या गऱ्या काढून तिथे एकेरी गऱ्या बसवल्या, त्यांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले. सोडवायला चार सेकंद लागतात. माझ्या मते मासे सुटण्याचं प्रमाण वाढलेलं नाही.

पाचवीनंतर मामांना म्हटलं, जागा सोडू या. थवा सगळा पिल्लांचाच आहे, सोडत बसलो तरी दहातली दोन मरणारच. मामांनी काही न बोलता इंजिन वळवलं. मला वाटतं हा नियम कुठल्याही लांबीच्या नियमाआधी यायला हवा: पिल्लांचा थवा लागला तर तिथून निघायचं.

17 नोव्हेंबर, रविवार

आजची नोंद लांबणार.

मामांनी खुणेच्या खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, नेलं. किल्ल्याचा एक बुरूज आणि मागच्या डोंगराचा खळगा एका रेषेत, आणि दुसरीकडे एक माड आणि देवळाचा कळस एका रेषेत. दोन्ही रेषा जुळल्या की खाली खडप. मोबाइलवरच्या जीपीएसशी ताडून बघितलं, फरक होडीच्या लांबीइतकाही नव्हता. तेरा वाव पाणी. माकलाचा तुकडा लावून खाली सोडला.

हेकरू, 48 सेंटीमीटर, अंगावर तपकिरी ठिपके. खडपात शिरायच्या आत वर घ्यायचा म्हणून मी जोराने गुंडाळला. वर आला तेव्हा डोळे बाहेर आलेले, पोट फुग्यासारखं ताठ, आणि तोंडातून गुलाबी पिशवी बाहेर लोंबत होती. ती जठराची पिशवी. खोल पाण्याच्या दाबात माशाच्या पोटातला हवेचा फुगा दाबलेला असतो. झपकन वर आणला की हवा फुगते आणि आतले अवयव बाहेर ढकलते. मी गरी काढली, मोजला, लेकीने लिहिलं "सोडला", आणि मी तो पाण्यात ठेवला.

तो गेला नाही. आडवा होऊन पृष्ठभागावर तरंगत राहिला. शेपटी हलवत होता, खाली जायला बघत होता, दोन हात जायचा आणि पुन्हा वर यायचा. आम्ही तिघेही बघत राहिलो. दहा मिनिटं झाली असतील, किल्ल्याच्या बाजूने समुद्रगरुड आला आणि पायात धरून घेऊन गेला. मामा म्हणाले, "हेका सोडलो म्हणतत? त्यापरास घराक न्हेलो असतो तर कालवान तरी झाला असता."

त्यांचं बरोबर होतं. अकरा वर्षांत मी असे कितीतरी हेकरू "सोडले" असतील, होडी पुढे गेली असेल आणि मागे काय झालं ते बघितलं नसेल. सोडल्याचं समाधान आपण घेतो, मरण मासा घेतो. वहीत आता नवा रकाना: सोडल्यावर खाली गेला का.

हेकरूचं आणखी एक. तो जन्माला मादी म्हणून येतो, वाढून मोठा झाला की नर होतो. खडपावरचे मोठे मोठे हेकरू आम्ही वेचून काढले तर त्या खडपावर नरच उरत नाहीत. लहान सोडले आणि मोठे मारले, म्हणजे सगळं नियमात केलं, तरी खडप रिकामं पडू शकतं.

24 नोव्हेंबर, रविवार

आंब्याचं प्लास्टिकचं क्रेट घेतलं. उलटं धरून चारही कोपऱ्यांना खाली शिसं बांधलं, वरून दोरी. पाण्यात तोंड खाली करून सोडलं की फुगलेला मासा क्रेटच्या आत वरच्या बाजूला अडकून राहतो आणि क्रेट त्याला खाली नेतं. दाब वाढला की हवा पुन्हा दबते, आणि सात-आठ वाव खाली मासा स्वतःच खालून पोहत निघून जातो.

आज दोन हेकरू, 39 आणि 44. दोन्ही वेळा क्रेट रिकामं वर आलं, आसपास तरंगताना कोणी दिसलं नाही. अर्धा तास थांबून खात्री केली. मामांनी क्रेट हातात घेऊन शिसं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले दोन किलो कमी पडतंय, वाढव. पुढच्या वेळी मी फुगलेलं पोट सुईने टोचायचा विचार करत होतो, कुठेतरी बघितलं होतं म्हणून. पण सुई जराशी चुकली तर दुसराच अवयव फुटतो. क्रेट बरं.

आणि जी खडपं पंधरा वावांच्या पुढे आहेत, तिथे सोडायच्या इराद्याने गरवायला जायचंच नाही, हे ठरलं.

8 डिसेंबर, रविवार

सप्तमी, संध्याकाळची भरती सव्वापाच. दुपारी निघालो.

सुरमई, 91 सेंटीमीटर. रेघेच्या पलीकडची, ठेवली. जिवंत बांगडा, नाकात एक गरी आणि पाठीत मागे दुसरी, दोन्ही तारेवर. सुरमई माशाची शेपूट आधी तोडते आणि वळून येऊन उरलेला खाते. एकच गरी पुढे असेल तर अर्धा बांगडा परत येतो. वीतभर तार पुरते, जास्त लांब तार लावली की पाणी स्वच्छ असताना ती लांबूनच वळते. इंजिन जेमतेम पुढे सरकेल एवढंच.

वर घेतल्याबरोबर कल्ल्याखाली कापून रक्त जाऊ दिलं आणि बर्फात घातली, बर्फात समुद्राचं पाणी मिसळून. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांपेक्षा ते पाणी माशाला सगळ्या बाजूंनी लागतं आणि लवकर गार करतं. सुरमई, बांगडा, कुपा हे मासे उन्हात पडले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवल्याने जात नाही. अंगावर गांधी, तोंड लाल, धडधड. लोक म्हणतात मासा बाधला. मासा बाधत नाही, ऊन बाधतं.

लेकीने आज स्वतः दोन कोकर काढले, 33 आणि 36. दोन्ही तिने सोडले, विचारलं नाही.

29 डिसेंबर, रविवार

वर्षअखेर, मालवणात गाड्या लावायला जागा नाही. आज आम्ही पाण्यात नव्हतो. संध्याकाळी धक्क्यावर एका होडीतून पाहुणे उतरले, सात-आठ जण, बाहेरगावचे. पाटीत तांबोशी आणि हेकरू, वितीपेक्षा जेमतेम मोठे. मी तीसपर्यंत मोजले आणि थांबलो. फोटो काढून झाल्यावर त्यांनी चार मासे घेतले, बाकीचे होडीवाल्याला म्हणाले तुम्हीच ठेवा.

होडीवाल्याशी नंतर बोललो. ओळखीचा आहे, माणूस चांगला. म्हणाला, गिऱ्हाईक पैसे मोजतं आणि मासा लागला की त्याला थांब म्हणता येत नाही. मला त्याच्यावर राग नाही. पण बोलायची वेळ मासा लागल्यावरची नसते, होडीत पाय ठेवायच्या आधीची असते. भाडं ठरवताना सांगायचं: माणशी दोन मासे घरी न्यायचे, बाकीच्यांचा फोटो आणि परत पाण्यात. आणि सगळ्या होड्यांनी एकच सांगितलं पाहिजे, नाहीतर जो सांगेल त्याचं गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जाईल. हे काम कायद्याने व्हायला वेळ लागेल. धक्क्यावरच्या होडीवाल्यांनी एकत्र बसून ठरवलं तर पंधरवड्यात होईल.

12 जानेवारी 2025, रविवार

पहाटे चारला निघालो तेव्हा पश्चिमेला क्षितिजावर पांढरा उजेड दिसत होता, आठ-दहा ठिकाणी. कोणाच्या बोटी ते इथून कळत नाही आणि मी अंदाजाने नाव घेणार नाही. पण पर्ससीनची मुदत 2016 च्या आदेशाप्रमाणे डिसेंबरअखेर संपली, आणि एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली आहे. दिव्याखाली जमणारा मासा वय बघून जमत नाही, पिल्लं आणि अंडी भरलेले मासे सगळे एकाच फेऱ्यात येतात. त्या एका रात्रीच्या फेऱ्यापुढे आमची वर्षाची वही काहीच नाही, हे मला कळतं.

मामा बराच वेळ त्या उजेडाकडे बघत होते. "आमच्या वख्ताक काळोख बघून जाळा टाकीत," एवढंच बोलले.

1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 2021 मध्ये सुधारला, दंड वाढले. या महिन्यात किनाऱ्यावर ड्रोनने पाळत सुरू झाली, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. आता पकडल्यावर पुढे काय झालं हेही लोकांना कळलं पाहिजे. कुठल्या जिल्ह्यात किती नौका, किती दंड, किती वसूल, हे दर महिन्याला बंदरावरच्या फळ्यावर लागू दे.

16 फेब्रुवारी, रविवार

चतुर्थी, भरती तीनला. खाडी, ओहोटीची तीच जागा.

सव्वापाचला मामांच्या दोरीला लागली. मी सर्कल हुक लावून दिली होती, आणि पहिल्यांदाच त्यांनी हिसका दिला नाही. दोन वेळा पूर्ण अंगाने पाण्याबाहेर उडी, कल्ले उघडून डोकं झटकलं, गरी कोपऱ्यात पक्की. वीस मिनिटांनी जाळीत आली. पन्हळीत मावेना, शेपूट बाहेर. 104 सेंटीमीटर. सोनेरी डोळा, चुन्यासारखे पांढरे खवले, पाठीवर हिरवट झाक.

मामांनी इतकी मोठी चणक सात-आठ वर्षांत काढली नव्हती. बाजारात तिची किंमत किती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मी काही बोललो नाही, होडी त्यांची, मासा त्यांचा. फक्त एवढं सांगितलं की चणकीचं हेकरूच्या उलट असतं. ती आधी नर असते आणि मोठी झाली की मादी. एवढी मोठी म्हणजे मादीच, आणि पावसाळ्याच्या तोंडाला मुखाशी जाऊन ती लाखांनी अंडी टाकील. खाडीतल्या सगळ्या लहान चणकींच्या आया अशाच.

मामांनी तिला पाण्यात उतरवलं. एका हाताने खालचा ओठ, दुसरा हात पोटाखाली. पाण्यात पुढे-मागे केली, कल्ले चालायला लागले. बराच वेळ त्यांनी धरून ठेवली. मग हात सैल केला आणि ती शेपटीचा एक फटका मारून गेली, आमच्या तिघांच्या अंगावर पाणी. घरी पोचेपर्यंत मामा गप्प होते. जेवताना म्हणाले, "बाय, लिवलंस मा? एकशे चार."

यावरून माझं मत पक्कं झालं ते लिहितो. नुसती किमान लांबी पुरत नाही. लहान सोडा आणि मोठे न्या, हा नियम हेकरूचे नर संपवतो आणि चणकीच्या माद्या. लांबीला खालची रेघ हवी तशी वरचीही हवी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये याच चणकीला 58 सेंटीमीटरपेक्षा लहान आणि 120 पेक्षा मोठी ठेवायला मनाई आहे, मधलीच न्यायची. आपल्याकडे जाळ्यात आलेला मासा मेलेलाच असतो, तिथे वरची रेघ पाळणं अवघड. पण गरीवाल्याच्या हातात मासा जिवंत येतो. निवड करायची संधी ज्याला आहे त्याच्यावर जास्त कडक नियम असणं न्यायाचंच आहे.

2 मार्च, रविवार

संगमाच्या वाळूच्या पट्ट्यावर इंजिन बंद पडलं. तुटक्या नायलॉन जाळ्याचा तुकडा पंख्यात गुंडाळला होता. ओहोटी, समोरून लाटा, होडी आडवी व्हायला लागली. मामांनी पुढून नांगर टाकला, होडीचं तोंड लाटेकडे वळलं, आणि मी मागे वाकून सुरीने जाळं कापलं. दहा मिनिटं.

नांगर नेहमी पुढच्या टोकाला बांधलेला, दोरी मोकळी, कशाखाली अडकलेली नको. मागून नांगर टाकला तर लाट थेट होडीत येते. जॅकेट अंगात हवं, सीटखाली नाही. माझं आज अंगात होतं, लेकीचंही. मामा घालत नाहीत, त्यांच्याशी भांडण झालं. तटरक्षक दलाचा नंबर 1554 आता होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलाय. आणि संगम उतरत्या पाण्यात ओलांडायचा नाही, मासा कितीही लागत असो.

16 मार्च, रविवार

वारा. किनाऱ्यावरूनच परत.

13 एप्रिल, रविवार

आजच्या तारखेला 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर, गाभा 3.182, त्यात पद्मगडाचा परिसर. मामा त्या वेळच्या सभांना गेलेले. त्यांचं म्हणणं असं की नकाशा आधी आला आणि माणसं नंतर, म्हणून गावाने विरोध केला. मला ते पटतं. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याला न विचारता आखलेली हद्द समुद्रात टिकत नाही. तिथे कुंपण घालता येत नाही, फक्त विश्वास लागतो.

पण हौशी माणसाचं पोट त्या पाण्यावर नाही. म्हणून आम्ही पद्मगडाजवळच्या खडपांवर गळ टाकत नाही, आणि प्रवाळ असलेल्या भागात नांगरही टाकत नाही. तिथे वाहत वाहत जायचं. लोखंडी पंज्याचा नांगर एकदा ओढला की हातभर प्रवाळ मोडतं, आणि ते पुन्हा यायला वर्षं लागतात.

मोजणी: बांगडे 9, तांबोशी 2 (28, 31, दोन्ही सोडल्या, पाणी चार वाव, लगेच खाली गेल्या). खाडीतल्या एका दोरीला माकलाची अंडी चिकटलेली, काळ्या द्राक्षांच्या घोसासारखी. लेकीने दोरी तशीच परत पाण्यात सोडली.

27 एप्रिल, रविवार. अमावास्या

मंगळवारी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती. मामांसारख्यांच्या मुलांना याचा उपयोग व्हावा.

मला यात दुसरंही काही दिसतं. शेतीत 2021 पासून ई-पीक पाहणी आहे: शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि सातबाऱ्यावर पेरा नोंदवतो. सुरुवातीला लोक वैतागले, नेटवर्क नाही म्हणून झाडावर चढले, पण आता माझ्या कामात मी रोज बघतो की लोक ते करतात. मग गरवणाऱ्याने मासे-पाहणी का करू नये? होडी धक्क्याला लागली की चार रकाने: जात, लांबी, ठेवला की सोडला, किती तास. जागा सांगायची गरज नाही, कोणीच आपलं खडप सांगणार नाही आणि सांगूही नये. आधी शंभर जणांनी आपखुशीने वर्षभर केलं तरी बंदराच्या आकड्यात न येणाऱ्या मासळीचा काहीतरी अंदाज येईल. आणि मग एलईडीवाल्यांविरुद्ध निवेदन घेऊन जाताना आमच्या हातात घोषणेबरोबर वहीही असेल.

25 मे, रविवार

हंगाम संपला, ठरवण्याआधीच. मंगळवारपासून पाऊस, काल कमी दाबाचं तीव्र क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, आणि आज हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं सांगितलं. मे महिन्यात. होडी शुक्रवारीच वर घेतली म्हणून वाचली. शेवटच्या तीन फेऱ्या राहिल्या, त्यात खाडीची एक होती.

1 जून, रविवार

आजपासून 31 जुलैपर्यंत बंदी. आमची होडी झापांखाली.

वहीची बेरीज लेकीने केली. 19 फेऱ्या. 163 मासे मोजले. 71 ठेवले, त्यातले निम्म्याहून जास्त बांगडे. 92 सोडले. सोडलेल्यांपैकी 6 आमच्या डोळ्यांसमोर मेले, त्यातले 4 क्रेट आणि सर्कल हुक येण्याआधीचे. सुरमया 22, त्यातल्या 70 च्या वर फक्त 3. हे एका होडीचे आकडे, यावरून समुद्राबद्दल काही सिद्ध होत नाही. पण बावीसात तीन हे मी स्वतः मोजलंय.

वहीच्या दोन प्रती काढल्या. एक मत्स्यव्यवसाय कार्यालयात देणार, मागितलेली नसली तरी. दुसरी 29 डिसेंबरच्या त्या होडीवाल्याला. तो म्हणाला पावसाळ्यात वेळ आहे, बसू या, आणखी तिघांना बोलावतो.

पन्हळीवरच्या खुणा मिठाने आणि खवल्यांनी 40 ते 60 मध्ये पुसट झाल्यात, पुन्हा मारायच्या आहेत. पाइप दीड मीटरचा घ्यायचा. क्रेटला दोन किलो शिसं अजून लावलेलं नाही.